होमर सिम्पसन दर ऑक्टोबरला का मरतो?

"मामा, हा मेला ना आत्ता?"

भाची दहा वर्षांची आहे. लॅपटॉपवर माझ्या खांद्यावरून डोकावत होती. पडद्यावर अख्खं सिम्पसन कुटुंब बर्फात गोठून ताठ झालं होतं. मग पुढचा एपिसोड सुरू झाला आणि होमर सोफ्यावर बसून बिअर पीत होता. ना कुणी त्याला वाचवलं, ना कुणी काही बोललं. मी म्हटलं, "तो वेगळा एपिसोड होता." तिने विचारलं, "वेगळा म्हणजे?" त्या 'म्हणजे'चं उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

'द सिम्पसन्स' ज्यांनी कधी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. स्प्रिंगफील्ड नावाचं एक अमेरिकन गाव. तिथल्या अणुवीज केंद्रात कामाला असलेला आळशी, खादाड, पण मनाने वाईट नसलेला होमर. निळ्या केसांचा मनोरा डोक्यावर वाहणारी त्याची बायको मार्ज. दहा वर्षांचा व्रात्य बार्ट, आठ वर्षांची हुशार लिसा आणि तोंडात चोखणी घेऊन फिरणारी तान्ही मॅगी. मॅट ग्रेनिंगने 1987मध्ये हे कुटुंब दुसऱ्या एका कार्यक्रमातल्या छोट्या तुकड्यांसाठी काढलं. 17 डिसेंबर 1989ला फॉक्स वाहिनीवर त्यांची स्वतःची मालिका सुरू झाली, ती अजून चालू आहे. बार्ट अजून दहाचाच आहे.

बार्ट दहाचाच राहतो, यातच भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. आपल्या रोजच्या मालिकांमध्ये कुणी काही विसरत नाही. सासूने चौथ्या भागात मारलेला टोमणा चारशेव्या भागात परत येतो, मध्येच दहा वर्षांची 'लीप' येते आणि नायिकेची मुलगी कॉलेजात जाते. जुन्या घाटाच्या अमेरिकन कौटुंबिक विनोदी मालिकेचं, म्हणजे सिटकॉमचं, तसं नाही. तिथे वीस-बावीस मिनिटांत कितीही गोंधळ झाला तरी शेवटी सगळं जागच्या जागी येतं. होमरची नोकरी जाते, परत मिळते. मार्ज घर सोडते, परत येते. पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. माणसं बदलत नाहीत, हाच त्या घराचा आधार असतो.

भयकथेचा कायदा बरोब्बर उलटा. जो त्या वाड्यात जातो तो बाहेर येत नाही, आलाच तर पूर्वीचा राहिलेला नसतो. जे झालं ते परत फिरवता येत नाही, भीती असते ती याचीच. हॅलोविनला सिम्पसन्सची भयकथा करायची म्हटली की हे दोन कायदे समोरासमोर येतात. होमर खरंच मेला तर मालिका संपली. मरणारच नाही हे आधीच माहीत असेल, तर घाबरायचं कशाला?

लेखकांनी यातून जी वाट काढली ती आपल्याला परकी नाही. शिमग्यात मारलेल्या बोंबा दुसऱ्या दिवशी कुणी हिशेबात धरत नाही. त्या दिवसापुरती मुभा असते. सिम्पसन्सच्या लेखकांनी वर्षातला एक एपिसोड असाच शिमग्याचा ठरवून टाकला. त्यात घडलेलं काहीही मालिकेच्या अधिकृत इतिहासात नोंदलं जात नाही. त्या अधिकृत इतिहासाला चाहते 'कॅनन' म्हणतात आणि त्याच्या बाहेरचं ते 'नॉन-कॅनन'. होमर मरू शकतो, बार्ट राक्षस होऊ शकतो, परग्रहवासी पृथ्वी जिंकू शकतात. पुढच्या आठवड्यात सगळे जेवायच्या टेबलाशी.

ही मुभा हॅलोविनलाच का? तो सणच मुळात मुभेचा आहे. 31 ऑक्टोबरची रात्र. आयर्लंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांत या सुमाराला उन्हाळा संपून हिवाळा लागायचा, आणि त्या संधीवर मेलेले आणि जिवंत यांच्यातला पडदा विरळ होतो अशी समजूत होती. ख्रिस्ती पंचांगात 1 नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस झाला आणि त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. त्याच्या पुढचा 2 नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस गोव्यात, वसईत ख्रिस्ती घरांमधून पाळला जातो. लोक कबरींवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. मात्र भोपळे कोरून, भुतांचे कपडे घालून दारोदार चॉकलेटं मागणं ही अमेरिकेतली वाढ. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश लोक तिकडे गेले, सोबत सण नेला. मायदेशी ते सलगम कोरायचे, तिकडे भोपळा सोपा पडला.

पहिला हॅलोविन विशेष 25 ऑक्टोबर 1990ला आला. बार्ट आणि लिसा परसातल्या झाडावरच्या घरात बसून भुताच्या गोष्टी सांगतात आणि होमर खालून चोरून ऐकतो. म्हणून या मालिकेला 'ट्रीहाउस ऑफ हॉरर' असं नाव पडलं. पुढे झाड गेलं, नाव राहिलं. 2024मध्ये त्याचा 35वा भाग आला.

कल्पना आली 1950च्या दशकातल्या ईसी कंपनीच्या भयकथांच्या कॉमिक्सवरून. स्वस्त कागद, कुजलेली प्रेतं, आणि शेवटी पाप्याला विचित्र शिक्षा. अमेरिकेतली पोरं त्यांवर तुटून पडायची. 1954मध्ये, कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगारीकडे वळतात का, यावर अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली आणि ईसीची ती मासिकं बंद पडली. त्या कॉमिक्सचा एक चित्रकार 'घास्टली' अशी सही करायचा, म्हणजे साधारण 'भेसूर'. सिम्पसन्सच्या हॅलोविन भागात श्रेयनामावलीतल्या प्रत्येकाच्या नावाची अशीच भुताळ मोडतोड करतात. मॅट ग्रेनिंगचा 'बॅट' ग्रेनिंग होतो.

त्या पहिल्या भागाच्या सुरुवातीला मार्ज पडद्यामागून येते आणि आईबापांना बजावते की हे भीतीदायक आहे, पोरांना झोपवा. हे 1931च्या 'फ्रँकेनस्टाइन' चित्रपटाचं विडंबन. त्यातही सुरुवातीला एक सभ्य गृहस्थ पडद्यामागून येऊन प्रेक्षकांना असाच इशारा देतो. विनोद तर झालाच, शिवाय उद्या कुणी तक्रार केली तर "आम्ही सांगितलं होतं" म्हणायची सोयही झाली.

आता त्याची रचना पाहू. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की उरतात साधारण बावीस मिनिटं. त्यात तीन गोष्टी, म्हणजे एकीला जेमतेम सात मिनिटं. सात मिनिटांत भयकथा कशी सांगणार? भीतीला वेळ लागतो. आधी घर दाखवायचं, मग दार करकरवायचं, मग शांतता. एवढं करेपर्यंतच पाच मिनिटं गेली.

विडंबन कामी येतं ते इथे. विडंबन म्हणजे नुसती नक्कल नव्हे. ती उसनवारी आहे. वाडा, कुऱ्हाड, वेडा बाप असं काही दिसलं की प्रेक्षक मूळ सिनेमा आठवतो आणि उरलेली वातावरणनिर्मिती स्वतःच्या डोक्यात करतो. लेखकाची पाच मिनिटं वाचतात, आणि ती तो विनोदावर खर्च करतो. म्हणून या तीन गोष्टी बहुधा कुठल्या तरी गाजलेल्या गोष्टीवर बेतलेल्या असतात. हौस हे एक कारण झालं, पण मला त्यात काटकसर जास्त दिसते.

पहिल्याच वर्षीची एक गोष्ट जवळून बघू. परसात मांस भाजत असलेल्या सिम्पसन कुटुंबाला दोन परग्रहवासी उचलून नेतात. कँग आणि कोडोस. हिरवे, एकडोळे, लाळ गाळणारे. यानात ते पाहुण्यांना उत्तमोत्तम पदार्थ खाऊ घालत राहतात. लिसाला संशय येतो की हे आपल्याला खायला पुष्ट करताहेत. ती स्वयंपाकघरात घुसते आणि एक पुस्तक घेऊन येते. नाव: 'माणसं कशी शिजवावीत'. परग्रहवासी म्हणतो, थांब, धूळ बसली आहे. फुंकर मारतो. खालून एक शब्द निघतो: 'माणसांसाठी कसं शिजवावं'. लिसा अजून फुंकर मारते: 'चाळीस माणसं कशी शिजवावीत'. तो शेवटची फुंकर मारतो: 'चाळीस माणसांसाठी कसं शिजवावं'. इंग्रजीत हा सगळा खेळ एका छोट्याशा 'फॉर' या शब्दावर आणि त्याच्यापासून होणाऱ्या 'फॉर्टी'वर चालतो. मराठीत विभक्तीवर ओढूनताणून आणावा लागतो, तर तेवढं चालवून घ्या.

याचं मूळ आहे 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेतला 1962चा एक भाग. त्यात परग्रहवासी माणसांची सेवा करायला आले आहेत असं त्यांच्या पुस्तकाच्या नावावरून वाटतं, आणि शेवटी उलगडतं की ते पाककृतींचं पुस्तक आहे. तिथे सगळा धक्का या एका उलगड्यात. सिम्पसन्समध्ये पुस्तक पहिल्यापासून पाककृतींचंच आहे, तरीही निरागस. परग्रहवासी दुखावले जातात, स्वर्गासारखी जागा तुम्ही संशयापायी घालवलीत म्हणून यजमानांच्या थाटात रागावतात आणि सगळ्यांना घरी आणून सोडतात. लिसाची चूक एवढीच की तिने जणू तो जुना भाग पाहिलेला आहे. नुसता मूळ प्रसंग वाकडा करून दाखवणं सोपं असतं. मूळ माहीत असलेल्या माणसाचीच फजिती करणं जास्त अवघड, आणि पहिल्याच वर्षी त्यांना ते जमलं.

त्याच भागात एडगर ॲलन पोच्या 1845च्या 'द रेव्हन' या कवितेवरची गोष्टही आहे. त्यात शब्द बहुतेक पोचेच ठेवलेत. निवेदनाला जेम्स अर्ल जोन्सचा तो खर्जातला आवाज. फक्त कावळ्याला बार्टचं डोकं लावलंय, आणि मृत प्रेयसीच्या जागी मार्जचं चित्र. तिचे केस एका चौकटीत मावत नाहीत म्हणून वर दुसरी चौकट जोडली आहे.

माझा सगळ्यात आवडता भाग पाचवा, 30 ऑक्टोबर 1994चा. भाची बघत होती ते गोठलेले सिम्पसन त्यातलेच. ती गोष्ट स्टॅन्ली कुब्रिकच्या 1980च्या 'द शायनिंग'वर आहे. हिवाळ्यात ओस पडलेल्या मोठ्या वास्तूची राखण करायला आलेला बाप हळूहळू वेडा होतो, ही मूळ कथा. सिम्पसन्समध्ये मालक बर्न्स जाण्यापूर्वी केबल तोडतो आणि बिअर काढून घेतो, म्हणजे राखणदार नीट काम करेल. झालं. होमरला वेड लागायला ना शापित वास्तूची गरज, ना भुतांची. टीव्ही आणि बिअर नसणं पुरे.

मूळ सिनेमात लिफ्टचं दार उघडून रक्ताचा लोंढा बाहेर येतो. ज्यांनी पाहिलंय त्यांच्या डोक्यातून ते दृश्य जात नाही. इथेही लिफ्ट उघडते, रक्त येतं, आणि बर्न्स शेरा मारतो की रक्त एरवी दुसऱ्या मजल्यावर उतरतं. एवढ्या एका वाक्यात अख्खा प्रकार सापडतो. भीषण दृश्य जसंच्या तसं ठेवायचं आणि त्याच्यासमोर असा माणूस उभा करायचा की ज्याला त्यात लिफ्टच्या कारभारापलीकडे काही दिसत नाही. पुढे होमर कुऱ्हाडीने दार फोडतो आणि मूळ सिनेमातलं ते सुप्रसिद्ध वाक्य म्हणतो, 'हिअर्स जॉनी!', म्हणजे टीव्ही निवेदक जॉनी कार्सनच्या स्वागताची आरोळी. आत कुणीच नाही. दुसरं दार फोडतो, दुसऱ्या टीव्ही निवेदकाचं नाव घेतो. आत त्याचे म्हातारे वडील, ते उलट आपली ओळख करून देतात. मग तिसरं दार. कुऱ्हाड घेऊन आलेला खुनीसुद्धा होमरच आहे, आणि होमर कुठलंही काम पहिल्या फटक्यात नीट करत नाही.

त्या भागात माळी विली तीनही गोष्टींत मदतीला धावतो आणि तिन्ही वेळा पाठीत कुऱ्हाड खाऊन पडतो. अमेरिकेत तेव्हा टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध राजकारणी ओरडत होते. निर्माता डेव्हिड मर्किनने त्याला उत्तर म्हणून मुद्दाम जास्तीत जास्त रक्त ओतलं.

गोष्टीचं नाव 'द शायनिंग' नाही, 'द शिनिंग' आहे. विली बार्टला सांगतो की तुझ्याकडे 'शिनिंग' शक्ती आहे. बार्ट म्हणतो, 'शायनिंग' म्हणायचंय ना? विली दबक्या आवाजात: गप्प, खटला ओढवून घ्यायचाय का?

खटला झाला असता का? योगायोग असा की त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विडंबनाबद्दलचा मोठा निकाल दिला होता. रॉय ऑर्बिसनच्या 'ओ, प्रिटी वुमन' या गाण्याचं टू लाइव्ह क्रू या रॅप गटाने विडंबन केलं होतं. न्यायालय म्हणालं की विडंबन पैशासाठी केलं असलं तरी ते 'रास्त वापर' ठरू शकतं. न्यायालयाने एक भेदही केला. मूळ कृतीचीच टर उडवत असाल तर तिच्यातून थोडं उचलणं भागच आहे, कारण त्याशिवाय कुणाची टर उडवताय ते कळणार कसं? पण मूळ कृती नुसती वाहन म्हणून वापरून दुसऱ्याच कुणाची टर उडवत असाल, तर त्या उसनवारीचं जास्त सबळ कारण द्यावं लागेल. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात 'विडंबन' हा शब्दच नाही. कलम 52मधल्या टीका आणि समीक्षा या सवलतीतूनच वाट काढावी लागते. अत्र्यांनी 'केशवकुमार' नावाने कवींची विडंबनं केली तेव्हा कुणाला हा प्रश्न पडला नाही, हे आपलं नशीब.

मुभा मिळाली की लेखक तिच्यात वाटेल ते भरतात. 29 ऑक्टोबर 1995च्या सहाव्या भागात होमर कपाटामागच्या फटीतून त्रिमितीय जगात पडतो. 'टॉय स्टोरी' अजून यायची होती, ती आली 22 नोव्हेंबरला. त्या जगात हवेत आकडे तरंगतात. त्यात एक समीकरण आहे: 1782 चा 12वा घात अधिक 1841 चा 12वा घात बरोबर 1922 चा 12वा घात. फर्माचं प्रमेय सांगतं की दोनापेक्षा मोठ्या घातासाठी शून्यापेक्षा मोठ्या अशा तीन पूर्ण संख्या सापडणं अशक्य. त्याची अँड्र्यू वाइल्सची सिद्धता त्याच वर्षी छापून आली होती. मग हे काय? दहा आकडी कॅल्क्युलेटरवर करून बघा, दोन्ही बाजूंना तेच दिसतं. हे खोटं आहे हे मात्र कॅल्क्युलेटरशिवाय कळतं. सम संख्येचा घात सम, विषमचा विषम. 1782 सम, 1841 विषम, बेरीज विषमच येणार. उजवीकडचा 1922 सम. संपलं. खरं तर दोन्ही बाजूंच्या चाळीस आकडी संख्यांचे पहिले नऊच आकडे जुळतात. हे आकडे शोधण्यासाठी डेव्हिड कोहेन या लेखकाने खास संगणक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर ते क्षणभर दिसतात आणि निघून जातात. असले लोक तिथे विनोद लिहायला बसत.

पुढच्या वर्षी निवडणूक होती. कँग आणि कोडोस यांनी बिल क्लिंटन आणि बॉब डोल यांना पळवून त्यांची रूपं घेतली, आणि हे मतदानाच्या नऊ दिवस आधी, 27 ऑक्टोबर 1996ला. बिंग फुटल्यावर लोक खवळतात. परग्रहवासी शांतपणे विचारतात, पक्ष दोनच आहेत, जाल कुठे? शेवटी सगळे साखळदंडांत आणि होमर म्हणतो, मला दोष देऊ नका, मी कोडोसला मत दिलं होतं. एरवीच्या भागात खऱ्या उमेदवारांना असं गायब करून देश गुलाम करता आला नसता. शिमगा होता म्हणून चाललं.

ही मुभा फुकट मिळत नाही. नेहमीच्या भागात घर, शाळा, बार, कपडे आधीच काढून ठेवलेले असतात. हॅलोविन भागात दर सात मिनिटांना नवं जग, नवे पोशाख, नव्या जागा. कँग-कोडोस सतत लाळ गाळतात, आणि ती लाळ पुन्हा पुन्हा काढावी लागते. शिवाय 2000पासून काही वर्षं फॉक्सवर ऑक्टोबरात बेसबॉलची अंतिम मालिका असायची, त्यामुळे हॅलोविनचा भाग नोव्हेंबरात यायचा. आकाशकंदील उतरवल्यावर दिवाळी अंक हातात पडावा, तसं.

अलीकडचे भाग मला तेवढे भावत नाहीत. 2013मध्ये दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोने केलेली सुरुवातीची अडीच-पावणेतीन मिनिटं अफाट आहेत, 2022मधलं 'डेथ नोट' या जपानी मालिकेचं विडंबन देखणं आहे. पण बऱ्याचदा वाटतं की संदर्भ दाखवणं हाच विनोद झालाय. 'बघा, ओळखलंत का?' ओळखलं, पुढे काय? बर्न्सच्या त्या वाक्यात संदर्भ नसता तरी हसू आलं असतं. विडंबन चांगलं आहे का, हे मी तसंच पारखतो. मूळ काढून घेतलं तरी उरतं ते चांगलं. भाचीने कुब्रिकचं नावही ऐकलेलं नाही, तरी ती लिफ्टवर हसली. तिला मूळ सिनेमा पुढे कधीतरी दिसेल, आणि तेव्हा ती त्या लोंढ्याकडे बघून नको तिथे हसेल. केशवकुमारांच्या कवितांचंही हेच झालं. विडंबन लोकांना पाठ, मूळ कवी विस्मरणात.

2015मध्ये त्यांनी एकदा नियम मोडून पाहिला. नेहमीच्या विशेषाखेरीज हॅलोविनवरचा एक साधा भाग केला, खऱ्या इतिहासात मोजला जाणारा. त्यात भूत नाही, शाप नाही. लिसा घाबरलेली आहे आणि होमर तिच्याजवळ बसलाय, एवढंच. तो भाग चांगला निघाला.

भाचीला यातलं बरंचसं सांगून झाल्यावर तिने सगळ्यात पहिला, 1990चा भाग लावायला लावला. त्यात झाडावरच्या गोष्टी संपतात, पोरं म्हणतात यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि निवांत झोपी जातात. जागा राहतो चोरून ऐकणारा बाप. पलंगावर मार्जला विनवतो की दिवा चालू ठेवून झोपू या का. मार्ज म्हणते, पोरांच्या गोष्टी त्या. आणि दिवा घालवते.

भाची म्हणाली, "मामा, आज दिवा राहू दे."